तो सेन्सर तू काढला होतास

अर्चना, तू गेल्याचं मला शाळेच्या जुन्या ग्रुपवर कळलं. आधी एक गुलाबाचं फूल आलं, मग जोडलेले हात, मग 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलेलं ते तयार चित्र, जे सगळे एकमेकांचं उचलून पुढं टाकतात. कोण गेलं ते कळायला मला बोटानं वर वर सरकवत जावं लागलं. शेवटी तुझा फोटो आला. निवडणुकीच्या ड्युटीला ओळखपत्रासाठी काढलेला तोच, जो बघून तू म्हणाली होतीस, "सुजे, यात मी चोरी करताना सापडल्यासारखी दिसायलेय गं." त्याच फोटोला कुणीतरी मोबाइलमध्येच हार घातला होता.

मी गंगाखेडच्या स्टँडवर बसची वाट बघत उभी होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय झालं ताई?" मी म्हणाले, "काही नाही. एक ओळखीची होती." मैत्रीण म्हणावं तर आपण दोन-तीन वर्षं नीट बोललो नव्हतो. आणि सोबत नोकरी करणारी म्हणावं, तर ते माझ्याच्यानं म्हणवलं नाही.

रडून झालंय, अर्चे. आता राग उरलाय, आणि तो काढायला तूच पाहिजेस.

आपली मैत्री गाडीमुळं झाली असं शाळेत सगळे म्हणायचे. ते खोटं आहे. आधी बस होती. जिंतूरहून येलदरीच्या रस्त्यानं जाणारी सकाळची एसटी, जी यायची तर यायची, नाही तर आपण दोघी फाट्यावर उभ्या राहून जीपवाल्यांना हात करायचो. तू विज्ञान-गणिताची, मी मराठीची. एकदा भर उन्हात, दोन जीप भरून निघून गेल्यावर तू म्हणालीस, "आपून गाडी घेऊ."

"आपून म्हणजे कोण?"

"तू आणि मी. अजून कोण हाय इथं?"

आणि आपण खरंच घेतली. पांढरी, लहान, पेट्रोलवर चालणारी, दोन मालकांच्या हातून आलेली गाडी. दोघींनी मिळून घेतली, पण कागदावर ती प्रकाशरावांच्या, तुझ्या नवऱ्याच्या नावावर लागली. तू म्हणालीस, "घरात बरं दिसतं गं." मी म्हणाले, "लाव." मला गाडीत बसायचं होतं, कागदावर नव्हे. चालवायचीस तू. मी खिडकीशी बसून वह्या तपासायचे आणि तू एका हातानं गिअर टाकत मुलांची उत्तरं मला मोठ्यानं वाचायला लावायचीस.

त्या गाडीत आपण जे बोललो ते दुसरीकडं कुठं बोलता आलं नसतं. तुझ्या घरी मी बाहेरच्या खोलीत बसायचे. चहा तिथंच यायचा, ज्या कपात यायचा त्याच कपात दर वेळी यायचा. माझ्या घरी बुद्धपौर्णिमेला तू थेट स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसायचीस आणि आईकडून खिरीची दुसरी वाटी मागून घ्यायचीस. या दोन गोष्टींबद्दल आपण कधी बोललो नाही. मला वाटायचं, तुला ते दिसतच नसेल. सवयीच्या गोष्टी माणसाला दिसत नाहीत.

मग त्या उन्हाळ्याच्या तोंडावर गाडीनं नखरे सुरू केले. सकाळी थंड असताना नीट चालू व्हायची. पण मध्ये कुठं थांबून, इंजिन गरम असताना पुन्हा चावी फिरवली की नुसती घरघर. पेट्रोलचा वास यायचा. मागून काळा धूर. टाकी भरली की संपली. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मात्र कायम खाली, इंजिन अजून गरमच झालेलं नाही असं दाखवत. मी म्हणाले, "बरं आहे की, गरम तर होत नाही." तुझ्या कपाळावर ती उभी आठी आली होती, वर्गात एखादं उत्तर बरोबर असूनही रीत चुकलेली असली की यायची ती.

मिस्त्रीकडं नेली. त्यानं प्लग बदलले. पुढच्या आठवड्यात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी सोडणारी झडप, बदलला. म्हणाला, तो उघडा अडकला की इंजिन ऊब धरत नाही, म्हणून काटा खाली. ऐकायला पटलं. गाडी तशीच राहिली.

आणि मग तो चढ. पुढं कापसानं भरलेला ट्रॅक्टर, मागं आपण, पहिल्या गिअरमध्ये सरकत होतो. एकदम बॉनेटच्या फटीतून वाफ आली. तू गाडी कडेला घेतलीस, बंद केलीस. मी उतरून बॉनेटकडं धावले तर तू ओरडलीस, "हात लावू नको! झाकण उघडलंस तर तोंड भाजंल. थंड होऊ दे आधी." तू स्वतः मात्र उतरली नव्हतीस. चावी अर्धी फिरवून तू काट्याकडं बघत बसली होतीस. तो अजूनही खालीच होता.

"सुजे, इकडं ये. हे बघ."

"काय बघू? वाफ यायलीय तिकडं."

"तेच म्हणायलेय मी. तिकडं उकळायलंय आणि हा म्हणतोय गार हाय. दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि वाफ तर काय खोटं बोलत न्हाई."

तुझा आवाज त्या दिवशी कसा होता ते मला अजून ऐकू येतं. भर रस्त्यात अडकलेल्या बाईचा तो आवाज नव्हता. तू खूश होतीस.

दोघी बाभळीच्या सावलीत बसलो आणि तू मला समजावून सांगितलंस. इंजिनाभोवती जे पाणी फिरतं, कूलंट, त्याचं तापमान एक बारका सेन्सर मोजतो. काट्याला तोच सांगतो. गाडीच्या कॉम्प्युटरलाही तोच सांगतो. तो जर गार गार म्हणत राहिला, तर कॉम्प्युटर थंडीतल्यासारखं जास्तीचं पेट्रोल सोडत राहील, म्हणून धूर, म्हणून गरम असताना चालू होत नाही. आणि रेडिएटरचा पंखा लावायची वेळ झाली हे कधी कळणारच नाही.

"पण मग दिवा लागायला पाहिजे ना? इंजिनाचा पिवळा?" मी विचारलं. मला तेवढंच माहीत होतं.

"पूर्ण मेला असता तर लागला असता. हा जिता हाय. फक्त कमी सांगतो."

मिस्त्रीला तू हे सगळं सांगितलंस. तो हात पुसत ऐकत होता. वाईट माणूस नव्हता तो, त्याच्या गॅरेजात माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवायचा. पण तुझं संपायच्या आत म्हणाला, "मॅडम, इंजिनाचं हेड खोलावं लागंल. तुमी एक काम करा, साहेबांना पाठवा. त्यांच्याशी बोलतो मी." तू म्हणालीस, "साहेबांना गाडीतलं काही कळत नाही. माझ्याशी बोला." तो हसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "साहेबांनाच पाठवा." तू चावी घेतलीस आणि गाडी बाहेर काढलीस. मग म्हणालीस, "आता मी ह्याचा सोक्षमोक्ष लावणार."

दुसऱ्या दिवशी तू शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणलास. बॉनेट उघडून तो सेन्सर शोधलास, थर्मोस्टॅटजवळ घुसवलेला, पितळी, माझ्या अंगठ्याएवढा. त्याची वायर काढून ठेवलीस आणि मला म्हणालीस, "चावी फिरव." मी फिरवली. रेडिएटरचा पंखा घूं करून सुरू झाला. गाडीनं नखरे सुरू केल्यापासून तो पंखा कधी ऐकला नव्हता. तू टाळी वाजवलीस.

"पंखा जिता हाय, वायर जिती हाय. कॉम्प्युटरला आता काहीच खबर येईना, म्हणून घाबरून त्यानं पंखा लावला. बिघाड एवढ्याशा डोक्यात हाय बघ."

मी म्हणाले, "वाटणं वेगळं आणि असणं वेगळं." तुझंच वाक्य होतं ते, वर्गातलं. तू माझ्याकडं बघून हसलीस. "मग सिद्ध करू."

शनिवारी सकाळची शाळा सुटली, मुलं गेली, आणि आपण पोषण आहाराच्या खोलीत शिरलो. परभणीहून तू नवीन सेन्सर मागवला होतास. जुना काढलास तेव्हा पाण्याची धार लागली, ती तू बोटानं दाबून धरलीस आणि त्याच्या जागी तात्पुरता चिंधीचा बोळा बसवलास. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी पातेल्यात पाणी ठेवून दिलं. त्या म्हणाल्या, "बाई, हे काय शिजवायल्या?" तू म्हणालीस, "खोटारडा शिजवायलेय, मावशी."

दोन्ही सेन्सर दोऱ्यानं बांधून पाण्यात सोडले, बुडाला लागणार नाहीत असे. शेजारी थर्मामीटर. पाणी साधं होतं तेव्हा मल्टिमीटरवर दोन्हींच्या रोधाचा आकडा जवळपास सारखा आला, दोन हजार ओहमच्या आगेमागे. मावशींनी आच वाढवली. पाणी तापत गेलं तसा नव्याचा आकडा भराभर उतरायला लागला. हजार, सातशे, पाचशे. हाताला चटका बसेल इतकं पाणी तापलं तेव्हा तो तीनशेच्या घरात होता. जुना हजाराच्या वर कुठंतरी अडकून बसला होता. तू पातेलं ढवळलंस, वायरी अदलाबदल करून बघितल्यास, पुन्हा मोजलंस. तो हलला नाही.

"एवढ्या पाण्यात हा म्हणतोय कोमट हाय," तू म्हणालीस. आणि मग भांड्याच्या कडेला तुझा हात लागला, मनगटाजवळ मोठा फोड आला, आणि तू त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाहीस. "लिही सुजे, लिही, आकडे लिही." मी खडूनं भिंतीवरच लिहिले. मावशी ओरडल्या.

नवा सेन्सर तूच बसवलास. पाना तुझा, हात तुझे, साडीचा पदर कमरेला खोचलेला. कूलंट भरलंस, इंजिन चालू ठेवून हवा काढलीस, झाकण लावलंस. आपण दोघी गाडीत बसून काट्याकडं बघत राहिलो. तो हळूहळू चढला, मध्यावर आला, थांबला. पंखा लागला. थोड्या वेळानं आपोआप बंद झाला. तू स्टिअरिंगवर डोकं टेकवलंस. मला वाटलं हसतेस, तर तू रडत होतीस.

"काय झालं गं?"

"काही न्हाई. लय दिवसांनी कायतरी पूर्ण केल्यासारखं वाटायलंय."

हे सगळं मी एवढं सविस्तर लिहितेय, कारण पुढं काय झालं ते तुला माहीत आहे.

तुझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला. तुझ्या घरी शाळेतले सगळे जेवायला. मुख्याध्यापक सर, शिंदे मॅडम, गल्लीतले, प्रकाशरावांच्या खताच्या दुकानातली माणसं. पंगत बाहेरच्या खोलीत. गाडीचा विषय कुणी काढला ते आठवत नाही. प्रकाशराव पोळी मोडत म्हणाले, "चार वेळा मिस्त्रीकडं नेली. शेवटाला मीच बसलो. सेन्सर काढला, गरम पाण्यात टाकून बघितला. लगेच कळलं." सर म्हणाले, "वा! डोकं लागतं त्याला." सगळे कौतुक करायला लागले.

मी तुझ्याकडं बघितलं. तू आमरस वाढत होतीस. मनगटावरचा डाग अजून गेला नव्हता. तू वाटीत डाव रिकामा केलास आणि म्हणालीस, "हो ना. यांनाच सुचलं ते."

अर्चे, त्यांनी खोटं बोलणं मी समजू शकले असते. नवरे बोलतात. तू साक्ष दिलीस.

शाळा उघडली त्या दिवशी गाडीत मी विचारलं.

"तू हो का म्हणालीस?"

"कशाला?"

"यांनाच सुचलं म्हणून."

"सोड ना सुजे. गाडी नीट झाली ना? मग?"

"तुझ्या हातावर डाग आहे अजून."

"असू दे."

"तुला काहीच वाटलं नाही? वर्गात पोरींना काय सांगतेस तू? ज्यानं केलं त्यानं सांगावं, असं सांगतेस ना? आणि स्वतः रस वाढत उभी राहतेस?"

तू रस्त्याकडं बघत म्हणालीस, "तुला न्हाई कळायचं."

"काय नाही कळायचं?"

"काही न्हाई. जाऊ दे."

माझं लग्न झालेलं नाही. मी आणि आई, दोघीच. मला वाटलं तू तेच सुचवतेस, की संसार न केलेल्या बाईला हे काय कळणार. गल्लीतल्या बायका म्हणतात ते तू म्हणावंस, हे मला सोसलं नाही. मी म्हणाले, "थांबव गाडी." तू थांबवलीस. मी फाट्यावर उतरले. तू काच खाली करून म्हणालीस, "सुजे, येडेपणा करू नको. बस." मी बसले नाही. तू थोडा वेळ गाडी तशीच सुरू ठेवून थांबलीस आणि मग गेलीस.

त्यानंतर मी एसटीनं यायला लागले. तू एक-दोनदा फाट्यावर गाडी हळू केलीस. मग तेही बंद झालं. स्टाफरूममध्ये आपण हजेरीपटाबद्दल बोलायचो, सहामाहीबद्दल बोलायचो. मग बदल्यांची यादी आली आणि मला गंगाखेड तालुका मिळाला. निरोपाच्या दिवशी तू मला साडी दिलीस, सगळ्यांनी मिळून घेतलेली. तुझ्या हातून द्यायची असं सरांनी ठरवलं होतं. तू पुटपुटलीस, "पोचलीस की फोन कर." मी पोचले की मेसेज केला. तू अंगठा पाठवलास. पुढं आपण एकमेकींना दिवाळीला पणत्यांची चित्रं पाठवत राहिलो. एवढ्या बोलणाऱ्या दोन बायका, आणि शेवटी पणत्यांची चित्रं.

तुला ताप आला होता म्हणे. तू तो अंगावर काढलास. शिष्यवृत्तीचा वर्ग होता, मुलं येणार होती, म्हणून गोळी खाऊन शाळेत गेलीस. डेंग्यू निघाला, तोवर उशीर झाला होता. आधी परभणी, मग तिथून मोठ्या दवाखान्यात. हे मला शिंदे मॅडमकडून कळलं. त्या फोनवर म्हणाल्या, "शेवटपर्यंत काही तक्रार केली नाही हो." मी फोन ठेवून दिला.

शोकसभेला मी आले. शाळेच्या मधल्या खोलीत तोच फोटो, आता खरा हार, उदबत्त्या. प्रकाशराव पुढच्या रांगेत बसले होते, खांदे पाडून. सर बोलले. शांत, सोशिक, मनमिळाऊ. कधी कुणाबद्दल तक्रार नाही. मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाच्या सभेला आपण आलो. मुलींच्या संडासाला दार नाही म्हणून तू गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर टेबलावर हात आपटला होतास, तेव्हा हेच सर तुला गप्प करत होते. मग एक तरुण शिक्षक उठले, माझ्या बदलीनंतर आलेले. त्यांनी भावुक होऊन तुझ्या संसाराबद्दल सांगितलं. म्हणाले, मॅडम आम्हाला कौतुकानं सांगायच्या, एकदा गाडी बिघडली तर आमच्या यांनी कसा सेन्सर शोधला.

तू पुढंही सांगत राहिली होतीस. मी नसतानासुद्धा.

कुणी बोलवायच्या आत मी उठले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. मी फक्त झालं ते सांगितलं. चढ, वाफ, खाली असलेला काटा, मिस्त्रीचं 'साहेबांना पाठवा', पातेलं, दोन सेन्सर, तुझा भाजलेला हात. म्हणाले, "तो सेन्सर अर्चनानं शोधला. तिनंच काढला आणि तिनंच बसवला. मी शेजारी उभी होते. आज तिच्या फोटोसमोर निदान हे तरी खरं सांगा." मागं बसलेल्या खिचडीवाल्या मावशी तेवढ्या म्हणाल्या, "व्हय, खरं हाय. माझ्याच पातेल्यात." मी प्रकाशरावांकडं बघितलं नाही. बघायचं नव्हतं.

सभा संपल्यावर तेच माझ्यामागं नळापाशी आले. मला वाटलं आता भांडतील. मी तयार होते.

"बरं केलं मॅडम," ते म्हणाले. "मला जमत नव्हतं."

"तेव्हा का नाही सांगितलंत? सगळ्यांसमोर मीच केलं म्हणालात."

"तिनंच सांगायला लावलं."

मी हसले. कडूच हसले. "मेलेलं माणूस काही बोलत नाही म्हणून बरं आहे."

"पोरीची शपथ मॅडम." त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाजारात कुणीतरी आईच्या कानावर घातलं, तुमची सून गॅरेजात बॉनेटमदी हात घालून उभी असती. आईनं घर डोक्यावर घेतलं. हे असलं हिच्यात नव्हतं म्हणली, हे त्या बाईच्या संगतीनं आलं. गाडी विकून टाक. हिला बसनं जाऊ दे, एकटीला."

"कोणत्या बाईच्या?"

त्यांनी टपकणारा नळ आवळला.

"कोणत्या बाईच्या, प्रकाशराव? काय म्हणाल्या त्या? शब्द काय होता?"

"आई जुन्या वळणाची हाय, मॅडम."

"शब्द सांगा."

"न्हाई सांगत मी." ते खाली, नळाच्या ओल्या फरशीकडं बघत होते. "अर्चनानं बी शपथ घातली व्हती. ती म्हणली, तुमीच केलं म्हणून सांगा चारचौघांत, म्हणजे आई गप बसती. गाडी राहती. माझी सोबत राहती. पण सुजाताला ह्यातलं काही कळू द्यायचं न्हाई."

मग ते गेले. मी नळ सोडून हात धूत राहिले. हातांना काही लागलं नव्हतं.

तर तुला दिसत होतं. बाहेरची खोली, तोच कप, सगळं तुला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. आणि 'तुला न्हाई कळायचं' याचा अर्थ तो होता. अर्चे, कुणी सांगितलं होतं तुला हे? तो शब्द मी पहिलीत असताना ऐकलाय. माझ्या आईनं ऐकलाय, आजीनं तर त्यापेक्षा जास्त. नोकरी लागली त्या वर्षी भाड्याची खोली शोधताना मी तो न उच्चारता ऐकलाय, जो जास्त लागतो. तुझ्या सासूचा एक शब्द मला मारून टाकणार होता का? तू मला सांगितलं असतंस तर मी दोन दिवस पेटले असते आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या शेजारी बसून गाडीत हसले असते. उलट तू मला असं जपलंस, जसं काचेचं भांडं जपतात. मी तुझी मैत्रीण होते, अर्चना. मला जपायला तू कोण?

आणि तरी मला हेही माहीत आहे, की फार दिवसांनी तू काहीतरी पूर्ण केलं होतंस आणि ते तू नवऱ्याच्या ताटात वाढून टाकलंस, का तर रोज सकाळी मी शेजारी बसावं. एवढं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही. कुणी करूही नये. कारण त्याच गाडीतून मी उतरून गेले आणि तू मला उतरू दिलंस. एक वाक्य बोलली असतीस तर मी दार लावून पुन्हा बसले असते. ते वाक्य तू नवऱ्याला सांगितलंस, मला नाही. ह्याबद्दल मी तुला माफ करत नाही. करावं असं वाटतं, पण होत नाही.

जाताना प्रकाशराव म्हणाले होते, "आईला भेटून जा. ती सारखी विचारती, शाळेतलं कोण आलं व्हतं." मी जाणार नव्हते. गेले.

तुझी सासू आतल्या खोलीत पडून होती. मी उंबऱ्याशी थांबले, तर तिथूनच हाक आली, "ये, ये, आत ये." तुझ्या घरात मी पहिल्यांदा आत गेले. खोलीत औषधाचा वास होता, खुंटीला तुझी एक साडी अजून तशीच होती. म्हातारी उठून बसली. तिला नीट दिसत नसावं. तिनं माझा हात धरला आणि दोन्ही हातांत घट्ट दाबून रडायला लागली.

"लेकीवानी व्हती गं ती मला. आता कुनाला हाक मारू मी? तू तिच्या शाळेतली ना?"

"हो."

"लय जीव व्हता तिचा शाळेवर. तुला म्हाईत असंल."

"हो. आम्ही दोघी गाडीत सोबत जायचो."

ती रडायची थांबली. माझा हात तिच्या हातांत होता. कातडं सुकलेलं, गरम.

मी म्हणाले, "मी सुजाता, आई. ती बाई मीच."

ती माझ्याकडं बघत राहिली. किती कळलं ते तिच्या डोळ्यांत दिसेना. मग तिनं हात सोडला आणि डोक्यावरून घसरलेला पदर पुढं ओढला. पदरासाठी हात सोडला की हात सोडायला पदर ओढला, हे मला कळलं नाही. बाहेर येऊन चपला घालेपर्यंत मी तोच विचार करत होते, आणि सवयीनं मला वाटलं, हे अर्चीला विचारू. तू म्हणाली असतीस, "पदर सावरला गं तिनं, दुसरं काय." आणि ते खरं होतं म्हणून म्हणाली असतीस की मला लागू नये म्हणून, हे मला आता कधीच कळणार नाही.